चौघांचा गेम, पाचवा भिडू

पुण्यात 'मॉडिफाय केलंय' म्हटलं की डोळ्यांसमोर काय येतं? बुलेटचा सायलेन्सर! रात्री अकराला एफसी रोडवरून कानठळ्या बसवत जाणारा... आणि पुढच्याच चौकात मामांनी बाजूला घेतलेला. पण मंडळी, आजचा विषय तो नाही. आज बोलायचंय गेमच्या मॉडबद्दल. म्हणजे कुणीतरी बनवलेल्या गेममध्ये खेळणाऱ्यांनीच आपल्या हाताने केलेले फेरफार. मुद्दा मात्र सायलेन्सरचाच आहे. हा खटाटोप स्वतःच्या हौसेसाठी करायचा, की बरोबरच्यांचाही विचार करायचा?

खरं सांगायचं तर हा प्रश्न मला सुचलाच नव्हता. तो एका मित्राने कर्वे रोडवरच्या टपरीवर चहा पिता पिता माझ्यासमोर ठेवला. तेही किती सहज!

आमची गँग पाच जणांची. नावं सांगत नाही, कारण सगळ्यांचे मॅनेजर काही ना काही वाचत असतात. म्हणून गावांवरून ओळख करून देते. कोथरूडकरीण सीए आहे. हॉटेलचं बिल आलं की वेटरच्या आधी हिची बेरीज तयार असते. डब्लिनकर तीन वर्षांपूर्वी तिकडे गेला आणि अजूनही पावसाबद्दलच बोलतो. बेंगळुरूकराचा पीसी म्हणजे गणपतीची आरास, आत रंगीत दिवे आणि बाहेर कुणी हात लावायचा नाही. मी बाणेरकर, सकाळी हिंजवडीच्या दिशेने आणि संध्याकाळी उलट दिशेने तेवढाच वेळ ट्रॅफिकमध्ये. आणि पाचवा सातारकर. तोही आमच्यासारखा हिंजवडीतच होता. गेल्या वर्षी त्याच्या कंपनीने माणसं कमी केली. फ्लॅटचं भाडं परवडेना, म्हणून तो घरी गेला. दिवसा वडिलांच्या दुकानात बसतो, रात्री इंटरव्ह्यूची तयारी करतो. लॅपटॉप अजून कॉलेजातलाच, आठ जीबी रॅमवाला.

कॉलेजात असताना आमचा गेम एकच, मेंढीकोट! सबमिशन डोक्यावर असलं की कँटीनच्या कोपऱ्यात डाव हमखास रंगायचा. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते: मेंढीकोट चौघांचा. समोरासमोरचे दोघे जोडीदार. चार दश्श्या, म्हणजेच मेंढ्या, पकडायच्या. चारही एकाच जोडीकडे गेल्या की कोट. हुकूम बंद ठेवायचा की काटताना ठरवायचा, यावर प्रत्येक घरात वेगळा कायदा आणि प्रत्येक डावाआधी नवं भांडण.

आता चौघांच्या डावात पाच जण कसे बसवायचे? आम्ही नियम केला. हरलेल्या जोडीतला एक उठणार आणि बाहेरचा पाचवा त्याच्या जागी बसणार. कुठल्या पुस्तकात लिहिलेला नव्हता, पण पाचही जण खेळायचे. आज वाटतं, आमचा पहिला मॉड तोच.

रात्री दहाची शिफ्ट

आता पाच जण पाच ठिकाणी. मग शुक्रवारी रात्री दहाला आम्ही डिस्कॉर्डवर जमतो आणि 'लीथल कंपनी' खेळतो. हा गेम ऑक्टोबर २०२३ मध्ये स्टीमवर अर्ली अ‍ॅक्सेस म्हणून आला. झीकर्स या नावाने काम करणाऱ्या एकट्या डेव्हलपरने बनवलेला, आणि बघता बघता जगभर तुफान चालला.

गेमची आयडिया आपल्या मंडळींना लगेच कळेल. तुम्ही एका कंपनीचे कंत्राटी कामगार. यानातून ओसाड चंद्रांवर उतरायचं, अंधाऱ्या कारखान्यांत शिरायचं, भंगार गोळा करायचं आणि कंपनीला विकायचं. तीन दिवसांत टार्गेट! पहिलं टार्गेट १३०चं, मग ते वाढतच जातं. पूर्ण झालं नाही की कंपनी तुम्हाला यानाबाहेर थेट अंतराळात फेकते. नोटीस पिरियड वगैरे काही नाही. पहिल्यांदा आम्ही असे फेकले गेलो तेव्हा सगळ्यात जास्त कोण हसलं असेल? सातारकर. "निदान हे लोक एचआरची मीटिंग तरी लावत नाहीत," म्हणाला.

खरी धमाल आवाजाची आहे. जवळ असलेल्याचाच आवाज ऐकू येतो, लांब गेला की विरत जातो. बडबड करणारा मित्र मध्येच गप्प झाला की समजायचं, राक्षसाने गाठला! बाहेर आंधळी कुत्री फिरतात. त्यांना दिसत नाही, पण ऐकू येतं, आणि तुमच्या माइकवरचा आवाजसुद्धा ऐकू येतो. एकदा सातारकराच्या आई खोलीत आल्या आणि मोठ्याने विचारलं, "जेवलास का रे?" पुढच्या दहा सेकंदांत कुत्रं यानात हजर. काकूंनी आमची अख्खी शिफ्ट संपवली होती आणि त्यांना पत्ताच नव्हता.

पण मुळात एक अडचण होती. हा गेम चौघांपुरताच बनवलेला. आम्ही पाच. पहिले दोन आठवडे सातारकर म्हणाला, "तुम्ही खेळा, मी स्ट्रीम बघतो." कँटीनच्या नियमाप्रमाणे आळीपाळीने बसावं, तर एकेक फेरी तास-तासभर चालायची. मग मी मनावर घेतलं. चौघांच्या लॉबीत पाचवी खुर्ची टाकायची!

एक्स्टेन्शन बोर्डचा फंडा

मॉड म्हणजे हॅकिंग, असा काहींचा समज असतो. तसं नाही हं! पंचवीस वर्षांपूर्वी पुण्यातल्या सायबर कॅफेत आणि हॉस्टेलच्या लॅनवर ज्या दादा लोकांनी रात्री जागवल्या, ते काउंटर स्ट्राइक मुळात हाफ-लाइफ या गेमचा मॉडच होतं. मिन्ह ली आणि जेस क्लिफ या दोघांनी १९९९ मध्ये हौस म्हणून केलेलं. २००० मध्ये व्हॉल्व्ह कंपनीने ते स्वतःच्या नावाने बाजारात आणलं. म्हणजे आपल्याकडची एक अख्खी पिढी मॉड खेळतच मोठी झाली, फक्त तिला ते ठाऊक नव्हतं.

आता हे जमवायचं कसं? घरात प्लगची जागा कमी असली की आपण भिंत फोडत नाही, एक्स्टेन्शन बोर्ड आणतो. इथलं एक्स्टेन्शन बोर्ड म्हणजे बेपिनएक्स. युनिटी इंजिनवर बनवलेल्या गेमबरोबर ते सुरू होतं आणि आपण निवडलेले मॉड गेममध्ये जोडून देतं. मॉड मिळतात थंडरस्टोअरवर. आणि हे सगळं हाताने फोल्डरमध्ये कोंबत बसायला लागू नये म्हणून आर-टू-मॉडमॅन नावाचा मॅनेजर आहे, फुकट.

मॅनेजर उघडायचा, गेम निवडायचा, नवं प्रोफाइल बनवायचं. प्रोफाइल म्हणजे मॉडचा वेगळा कप्पा. शुक्रवारच्या गँगचा एक, ऑफिसच्या टीमचा दुसरा. मॉड शोधून डाउनलोड केला की त्याला लागणारं बाकीचं सामानही आपोआप येतं. मग वर दोन बटणं दिसतात, 'स्टार्ट मॉडेड' आणि 'स्टार्ट व्हॅनिला'. पहिल्याने मॉडसकट गेम सुरू होतो, दुसऱ्याने साधा. बोर्ड काढलं की घर पुन्हा जसंच्या तसं.

सगळ्यात भारी सोय पुढे आहे. तयार प्रोफाइल एक्सपोर्ट केलं की एक लांबलचक कोड मिळतो. तो ग्रुपवर टाकायचा. बाकीच्यांनी आपापल्या मॅनेजरमध्ये इम्पोर्ट करायचा. झालं! तेच मॉड, त्याच व्हर्जन, त्याच सेटिंग सगळ्यांकडे. हे महत्त्वाचं आहे, कारण जे मॉड गेमचे नियम बदलतात ते सगळ्यांकडे सारखे नसतील तर एक जण आतच येत नाही, किंवा एकाला दिसतं ते दुसऱ्याला दिसत नाही.

पहिला मॉड मी टाकला मोअरकंपनी. हा चारची मर्यादा उठवतो आणि वर टोप्या-बिप्याही देतो. त्या शुक्रवारी आम्ही पाचही जण पहिल्यांदा एका यानात उभे होतो. सातारकराने काय टोपी घातली होती म्हणता! आम्ही काम सोडून पाच मिनिटं नुसते नाचलो. सॉलिड रात्र होती ती.

इथेच थांबायला हवं होतं मी.

डोक्याची मंडई

थंडरस्टोअर म्हणजे दिवाळीच्या आधीचा लक्ष्मी रोड. एक वस्तू घ्यायला जायचं आणि सात पिशव्या घेऊन यायचं. नवे चंद्र, नवे राक्षस, नवी हत्यारं, नवे नाच, भंगारात खेळणी, कपड्यांत सुपरहिरो... शुक्रवार ते शुक्रवार माझी यादी वाढत गेली. सहा, पंधरा, एकतीस. शेवटी लागणारं सामान धरून अठ्ठेचाळीस!

मला वाटायचं, मी गँगसाठी केवढं करतेय. ऑफिसात लंच ब्रेकला मी सेटिंगच्या फाइली डोळ्यांसमोर आणत बसायची. आणि शुक्रवारी काय व्हायचं? दहाला जमायचं. "नवा कोड टाकलाय, इम्पोर्ट करा." सव्वादहाला बेंगळुरूकर तयार, त्याच्या आरशासारख्या पीसीवर सगळं लख्ख. साडेदहाला कोथरूडकरीण विचारायची, "अगं, माझ्याकडे काळी विंडो येऊन लाल अक्षरं पळतायत, हे नॉर्मल आहे का?" पावणेअकराला डब्लिनकराचा गेम बंद. अकराला खेळ सुरू, साडेअकराला कुणीतरी अडकलेलं. दीड तासात अर्धा तास गेम आणि एक तास आयटी सपोर्ट. दिवसभर तेच आणि रात्रीही तेच!

आणि सातारकर? तो जोडला जायचा, थोडा वेळ ऐकायचा आणि म्हणायचा, "अरे, आज माझं नेट गंडलंय. तुम्ही चालू करा." एक शुक्रवार गेला, दुसरा गेला. तिसऱ्या शुक्रवारी तो आलाच नाही. आम्ही म्हटलं, साताऱ्यात काय नेट आहे राव! आणि खेळत राहिलो. चार जण. मॉड मात्र अठ्ठेचाळीस.

टपरीवरचा इंटरव्ह्यू

पुढच्या आठवड्यात तो इंटरव्ह्यूसाठी पुण्यात आला. संध्याकाळी कर्वे रोडच्या टपरीवर भेटलो. फॉर्मल शर्ट, पाठीला तीच जुनी सॅक. इंटरव्ह्यू कसा झाला ते झालं, मग मी म्हटलं, "नेट कधी नीट करतोयस? गेम जाम बोअर होतो तुझ्याशिवाय."

तो हसला. "अगं, नेट बरं होतं गं. तुझं ते मॉडचं गाठोडं माझ्या लॅपटॉपला झेपत नव्हतं. दहा-दहा मिनिटं नुसता लोड व्हायचा आणि मग बंद पडायचा. म्हटलं, तुमचा शुक्रवार कशाला खराब करा."

"मग सांगायचं ना, वेड्या!"

"काय सांगू? नोकरी नाही, म्हणून नवा लॅपटॉप घेता येत नाही, हे?"

मी गप्प. तो पुन्हा आपल्या सुरात, "पण ती टोपी भारी होती हां!"

मंडळी, ज्याच्यासाठी पहिला मॉड टाकला त्यालाच उरलेल्या सत्तेचाळीसांनी बाहेर काढलं होतं. आणि ते सत्तेचाळीस मी टाकले होते. कुणी मागितले नव्हते. त्याने भांडण केलं असतं तर बरं झालं असतं. तो बिचारा नेटवर ढकलून मोकळा झाला. आपल्या ग्रुपमध्येही असं होतंच की! ट्रिपचं बजेट वाढलं की कुणाच्या तरी घरी अचानक 'फंक्शन' निघतं. हॉटेल महागडं ठरलं की कुणाचं तरी पोट बिघडतं. आपण "अरेरे" म्हणतो आणि बुकिंग करून टाकतो.

चाळणी लावली

त्या रात्री घरी येऊन मी यादी उघडली आणि प्रत्येक मॉडसमोर एकच प्रश्न टाकला, हा कुणासाठी? नाव सांगता आलं तर राहील, नाही तर कटाप. खरं सांगते, तीसेक मॉडसमोर उत्तर आलं, 'माझ्यासाठी'. दहा-बारांसमोर तर तेही येईना. ते नुसतेच आले होते, लक्ष्मी रोडवरच्या सातव्या पिशवीसारखे.

उरले चार. मोअरकंपनी, अर्थात पाचव्यासाठी. लेटकंपनी, डब्लिनकरासाठी. आपले रात्रीचे दहा म्हणजे त्याचे उन्हाळ्यात संध्याकाळचे साडेपाच आणि हिवाळ्यात साडेचार. त्याची मीटिंग लांबणार हे ठरलेलं. हा मॉड असला की खेळ सुरू झाल्यावरही तो मागून येऊन मिळू शकतो, आम्हाला पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागत नाही. तिसरा शिपलूट, यानात जमलेल्या भंगाराची एकूण किंमत दाखवणारा. कोथरूडकरणीला बेरीज दिसली नाही तर झोप लागत नाही. आणि चौथा स्किनवॉकर्स, बेंगळुरूकराच्या हट्टासाठी. हा मॉड खेळणाऱ्यांचे आवाज टिपतो आणि ते राक्षसांच्या तोंडून ऐकवतो. अंधारातून आपल्याच मित्राचा आवाज येतो, "अरे इकडे ये ना!" आणि तुम्ही जाता... आणि मग संपलंच.

निवडताना आणखी तीन गोष्टी तपासायला शिकले. त्या तुमच्याही उपयोगी पडतील.

पहिली, मॉड शेवटचा कधी अपडेट झालाय? गेमची नवी आवृत्ती आली की जुने मॉड कोसळतात. थंडरस्टोअरवर ज्याच्यावर 'डेप्रिकेटेड' असा शिक्का आहे, तो बनवणाऱ्यानेच सोडून दिलाय असं समजा आणि पुढे चला.

दुसरी, तो सगळ्यांना लागतो की एकट्याला चालतो? मॉडच्या माहितीत हे बहुतेक वेळा लिहिलेलं असतं. फक्त आपल्या स्क्रीनवर काही दाखवणारे मॉड ज्याचे त्याने ठेवावेत. बेंगळुरूकराने आमच्या प्रोफाइलची कॉपी करून त्यात स्वतःची सजावट केलीय. खुशाल करावी! त्याचा भार सातारकराच्या लॅपटॉपवर पडत नाही.

तिसरी, गेमची मजा उरते का? या गेममध्ये हातात चारच वस्तू मावतात. म्हणून तर काय उचलायचं आणि काय सोडायचं यावर भांडणं होतात. मी खिसे वाढवणारा मॉड टाकला होता. भांडणं संपली... आणि त्याबरोबर अर्धी गंमतही. पाचवा माणूस आल्याने गेम तसाही थोडा सोपा होतो, अजून सोपा करायची गरज नाही.

ऑफिसचा लॅपटॉप? नो वे!

एक सीरियस गोष्ट. मॉड म्हणजे कुणा अनोळखी माणसाने लिहिलेला प्रोग्रॅम, जो तुमच्या मशिनवर चालतो. बहुतेक जण प्रामाणिक असतात. पण जून २०२३ मध्ये माइनक्राफ्टच्या काही मॉडमधून 'फ्रॅक्चरायझर' नावाचा व्हायरस पसरला होता. त्याच वर्षी ऐन ख्रिसमसच्या दिवशी 'स्ले द स्पायर'च्या 'डाउनफॉल' या लोकप्रिय मॉडच्या टीमचं खातं फोडून, स्टीमवरूनच, पासवर्ड चोरणारा प्रोग्रॅम लोकांपर्यंत पोचवला गेला. म्हणजे नावाजलेला मॉडही शंभर टक्के सेफ नसतो.

म्हणून कंपनीच्या लॅपटॉपवर मॉड अजिबात नको. तिथे क्लायंटचा डेटा असतो आणि सोमवारी उत्तर तुम्हाला द्यायचं असतं. यूट्यूबच्या खालच्या लिंकवरून झिप फाइल उचलू नका. काल आलेला, कुणीच न वापरलेला मॉड आज टाकू नका. आणि ज्या खात्यांत पैसे आहेत त्यांना टू-स्टेप लॉगिन लावा. मॉड कमी म्हणजे धोकाही कमी, हा हिशेब कोथरूडकरणीने करून दिलाय.

टेस्टर साहेबांचं साइन-ऑफ

आता आमची नवी पद्धत. आपण सगळे ऑफिसवाले, त्यामुळे फंडा लगेच कळेल: शुक्रवारी रिलीज नाही! बदल काय करायचा तो बुधवारी. गुरुवार नको, कारण गुरुवारी आमच्याकडे लाइटचा भरवसा नसतो. एका वेळी एकच मॉड घालायचा. कोड आधी फक्त सातारकराला जातो. तो त्याच्या लॅपटॉपवर चालवून बघतो आणि सांगतो, "ओके" किंवा "रद्द". त्याच्या ओकेशिवाय कोड ग्रुपवर येत नाही. सगळ्यात अशक्त लॅपटॉपवर चाललं की बाकी चौघांकडे चालणारच ना!

सुरुवातीला त्याला वाटलं, मी दया दाखवतेय. मग त्याने पहिल्याच आठवड्यात बेंगळुरूकराचा लाडका मॉड 'रद्द' केला. वर कारण लिहून पाठवलं, कुठल्या फाइलमध्ये काय एरर आली त्यासकट. बेंगळुरूकर अर्धा तास भांडला. शेवटी लॉग वाचून गप्प बसला, कारण सातारकर बरोबर होता.

मागच्या शुक्रवारी सव्वादहाला आम्ही चंद्रावर होतो. सातारकर यानात बसला. यानातल्या टर्मिनलवर कोड टाइप करून कारखान्याचे दरवाजे उघडायचे-मिटायचे आणि वॉकी-टॉकीवर आम्हाला रस्ता सांगायचा, हे काम त्याला मस्त जमतं. आत मी आणि कोथरूडकरीण. अंधारात उजवीकडून बेंगळुरूकराचा आवाज आला, "इकडे ये, भंगार सापडलंय!" मी निघाले. तेवढ्यात वॉकीवर सातारकर, "आगं थांब! आधी त्याला विचार, बेडेकरची मिसळ की कयानीची बिस्किटं?"

मी विचारलं. अंधारातून उत्तर आलं, "इकडे ये, भंगार सापडलंय!"

मंडळी, खरा बेंगळुरूकर बेडेकर म्हणाला असता आणि वर दहा मिनिटं बोलला असता. आम्ही दोघी अशा पळालो म्हणता! राक्षसांना आवाज काढता येतो, पण विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर देता येत नाही. तेव्हापासून आमच्यात हा पासवर्डच झालाय.

टार्गेट त्या दिवशीही पूर्ण झालं नाही. पाचही जण अंतराळात. डब्लिनकर तर दोनच मिनिटांपूर्वी मीटिंग संपवून आला होता, सामान उतरवायच्या आत त्याची नोकरी गेली. "पुढचा राउंड सोमवारी आहे," सातारकर म्हणाला. आम्हाला वाटलं गेमचा. इंटरव्ह्यूचा होता.

शुक्रवारआधीची यादी

• आधी बघा, मॉड लागतो का? 'रेपो' हा २०२५ मध्ये आलेला याच जातीचा गेम सहा जणांना घेतो. पाच जणांची गँग तिथे मॉडशिवायच मावते.

• आधी साधा गेम दोन-तीन वेळा खेळा. काय कमी पडतंय ते कळलं की मगच मॉड शोधा.

• एका गँगला एक प्रोफाइल. यादी बदलली की कोडही नवा. जुना कोड ग्रुपवरून काढून टाका, नाही तर निम्मे जण तोच टाकतात.

• गेम बंद पडतोय? निम्मे मॉड बंद करून चालवा. चालला तर दोषी त्या निम्म्यांत आहे. असं निम्मं-निम्मं करत गेलं की पाच-सहा फेऱ्यांत सापडतो.

• गेमचं मोठं अपडेट आलं की मॉडवाल्यांना काही दिवस द्या. तोपर्यंत 'स्टार्ट व्हॅनिला' झिंदाबाद.

• आवाज टिपणारा मॉड टाकण्याआधी सगळ्यांना विचारा. काकूंनासुद्धा!

• कुणी सलग दोनदा "नेट गंडलंय" म्हणालं तर फोन करा. ग्रुपवर विचारू नका, वेगळा फोन करा.

तर मंडळी, तुमच्या यादीत किती मॉड आहेत? आणि किती माणसं? जरा मोजून बघा. आम्ही शुक्रवारी दहाला चंद्रावर आहोत. भेटूच पुढच्या आठवड्यात!